खांबाजवळची जागा

वर्षावासाच्या दिवसांत जेलरोडकडच्या त्या वसाहतीत संध्याकाळी साडेसातला कुणाच्या घरी पाहुणा म्हणून जाऊ नये. दार उघडं सापडायचं, चूलही तापलेली असायची, पण चहा करायला घरात माणूस नसायचं. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने सगळी वसाहत विहारात बुद्धचरित्राचा ग्रंथ ऐकायला बसायची. नोटा छापणाऱ्या प्रेसमधून पाळी संपवून आलेले पुरुष भिंतीला टेकून, बायका पुढे फरशीवर, आणि म्हातारी माणसं जिथे गुडघा दुमडेल तिथे.

विहार म्हणजे तरी काय, चार भिंती, वर पत्रे, आणि मधोमध एक लाकडी खांब. तो खांब नसता तर पत्रे कधीच खाली आले असते. पुढे बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या, उदबत्ती, आणि बाजूला हातांची खुर्ची. खुर्ची सहादू गुरुजींची. तिच्यावर दुसरं कुणी बसल्याचं वसाहतीत कुणाला आठवत नव्हतं.

सहादू केदारे म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर होते. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली होती, पण गुरुजी हे नाव काही रिटायर होत नाही. धम्म घेतल्यावर दुसऱ्या वर्षी वसाहतीत पहिलं ग्रंथवाचन झालं, तेव्हा धड वाचता येणारी माणसं होती तीन. एक बदली होऊन गेला, एक वारला, उरले गुरुजी. तेव्हापासून तेवीस वर्षावास त्यांनी एकट्यानं वाचले. त्यांचा नियम एकच होता. ग्रंथ उघडा आहे तोवर कुणी तोंड उघडायचं नाही. शंका असेल तर ग्रंथ पांढऱ्या कापडात बांधून झाल्यावर विचारायची. मूल रडलं तर आईनं उठून बाहेर जायचं. गुरुजी मायाळू होते असं कुणी म्हटलं नसतं. चांगले होते, कडक होते, आणि आपण चांगले आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एक्याऐंशी सालच्या चैत्रात डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की हा मोतीबिंदू नाही, कांचबिंदू आहे. गेलेली नजर परत यायची नाही, आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. गुरुजींनी थेंबांची बाटली खिशात घातली आणि घरी येऊन सांगितलं की चष्म्याचा नंबर वाढलाय. घरात मुलगा वाल्मीक आणि सून लताबाई. बायको यशोदाबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. ती असती तर तिनं अर्ध्या तासात खोटं पकडलं असतं.

आषाढ लागेपर्यंत उजवा डोळा पुरता गेला होता आणि डाव्यानं दाराची चौकट तेवढी कळत होती. अक्षर तर वैशाखातच गेलं होतं. पण गुरुजींनी ठरवलं की वाचायचं. तेवीस वेळा वाचलेला ग्रंथ, पाठच आहे. पानात पिंपळाचं वाळलेलं पान खुणेला ठेवायचं, बोटानं चाचपून तिथे उघडायचं, डोळे कागदावर लावायचे आणि बोलत सुटायचं. मधून मधून पान उलटायचं. तोंडानं धम्म आणि बोटांनी नाटक.

याला कारण होतं. खुर्ची गेली तर आपण कोण उरतो, हा हिशेब त्यांनी मनाशी करून पाहिला होता. उरतो खाटेवर बसलेला एक म्हातारा, ज्याला भाजीत मीठ कमी पडलंय एवढंच सांगता येतं. वाल्मीक भला होता, लताबाई वेळेवर जेवायला वाढायची, पण ज्याचा कुणाला उपयोग नाही त्याला किती दिवस कुणी मायेनं वाढेल याची गुरुजींना खात्री नव्हती. त्यांनी स्वतः आयुष्यभर माणसं उपयोगावरूनच तर जोखली होती.

फक्त वाचनाआधी सगळे मिळून पंचशील म्हणायचे तेव्हा चौथ्या शीलाला त्यांचा आवाज बसायचा. खोटं न बोलण्याचं शील. मग ते स्वतःची समजूत घालायचे, की ग्रंथात आहे तेच मी सांगतो, त्यात खोटं काय? मास्तर लोकांना स्वतःची समजूत घालणं फार चांगलं जमतं.

पहिला महिना निभावला. त्यानंतर भागीबाई मध्ये मध्ये बोलायला लागली.

भागीबाई मूळची निफाडकडची. उभं आयुष्य कांद्याच्या खळ्यावर कांदे निवडण्यात गेलं. नवरा गेल्यावर मुलाकडे वसाहतीत आली, तेव्हापासून तिची जागा ठरलेली, खांबाला पाठ लावून, खुर्चीच्या बरोबर समोर. तिला सही करता येत नव्हती. अठरा वर्षांत तिनं वाचनाची एक संध्याकाळ चुकवली नव्हती आणि एक शब्दही काढला नव्हता. आणि आता एकाएकी तिला कंठ फुटला. शेताच्या बांधावर तथागत भिक्षेला उभे आहेत, अशा ठिकाणी ती म्हणाली, "गुरुजी, ह्योच का तो नांगर धरणारा, आधी राब आन् मंग खा म्हनणारा?"

गुरुजी म्हणाले, "हो, तोच," आणि पुढे वाचत गेले. आठवड्यानं पुन्हा तेच. मेलेलं मूल कडेवर घेऊन मोहरी मागत फिरणारी बाई आली आणि भागीबाई म्हणाली, "कोन्याच घरात मोहरी घावली नाय ना तिला? घावली, पर कुनी मेलं नाय असं घर नाय घावलं." बायका हसल्या. गुरुजी हसले नाहीत. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. भाद्रपदाच्या मध्याला रस्ता झाडणाऱ्याची गोष्ट चालू होती. तथागत समोरून येतात, तो ओशाळतो, आणि भागीबाई म्हणते, "टोपलं टाकून भिंतीला चिकटला ना बिचारा?"

गुरुजींनी ग्रंथ मांडीवर ठेवला. "भागीबाई," ते म्हणाले, "अक्षर येत नाही त्यात तुमचा दोष नाही. पण अठरा वर्षांत निदान ऐकायला तरी शिकायचं होतं. उद्यापासून मागे बसा, चपलांपाशी. तिथून बडबड इथवर यायची नाही."

चपलांपाशी हा शब्द त्या सभेत कुणीही कुणाला म्हणायचा नव्हता. तिथल्या प्रत्येकाच्या बापजाद्यांनी चपलांपाशी बसून आयुष्यं काढली होती, आणि तिथून उठण्यासाठीच तर हा विहार बांधला होता. गुरुजींना तो शब्द तोंडातून सुटल्यावर कळला. पण सुटलेला शब्द उचलून घेणं त्यांना कधी आलं नव्हतं.

"चुकलं गुरुजी," भागीबाई म्हणाली. "जिभेला हाड नाय माझ्या." उठताना तिचा गुडघा वाजला, तो गुरुजींना ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सभेत कुणी मध्ये बोललं नाही. गुरुजी दोनदा अडखळले. एकदा खोकून वेळ मारून नेली, एकदा दोन परिच्छेद गाळून पुढे उडी मारली. तिसऱ्या दिवशीही तेच, आणि चौथ्या दिवशी एका वाक्यापाशी इतके रेंगाळले की पुरुषांत कुजबूज झाली. घरी लताबाई ताट आदळून ठेवत होती आणि बोलत नव्हती. तिला भागीबाईचा अपमान लागलाय हे गुरुजींना समजलं. त्यांनीही बोलणं काढलं नाही.

त्याच्या पुढच्या दुपारी खाटेवर पडल्या पडल्या ते आपण कुठे कुठे अडखळलो ते आठवायला लागले, आणि आठवता आठवता उठून बसले. नांगरवाल्यापाशी आपण थांबलो होतो. त्यानं काय म्हटलं ते सुचत नव्हतं. मोहरीच्या वेळी मनातली दोन पानं एकदम उलटली गेली होती आणि आपण कुठल्या घरी आहोत तेच कळेना. झाडूवाल्याच्या वेळीही जीभ कोरडी पडली होती. प्रत्येक वेळी आधी ते थांबले होते, आणि मग ती बोलली होती. त्यांना वाटत होतं उलटं. जिला अक्षर येत नव्हतं ती महिनाभर त्यांच्या पुढे पुढे वाट दाखवत चालली होती, आणि तिला त्यांनी चपलांपाशी नेऊन बसवलं होतं.

गुरुजींना लाज वाटली. इतकी वाटली की एकट्यानंच तोंडावर हात धरून ते बसून राहिले. पण त्या लाजेखाली आणखी काहीतरी होतं, आणि ते त्यांना ओळखू यायला वेळ लागला. कुणालातरी माहीत आहे. माहीत असून तिनं सांगितलं नाही, हसली नाही, खुर्ची हलू दिली नाही. चैत्रापासून पहिल्यांदाच त्यांना हलकं वाटलं. उपकार हा शब्द त्यांनी शाळेत फळ्यावर शेकडो वेळा लिहिला असेल, पण तो असा छातीत येऊन बसतो हे त्यांना सत्तरीत कळत होतं.

माफी मागायची ठरली. पण माणूस जन्मभराची खोड एका दुपारीत सोडत नाही. गुरुजींनी ठरवलं, माफी मागायची ती खुर्चीवर बसून, मोठ्या मनानं, सभेसमोर.

त्या संध्याकाळी आजारी भिक्खूचा प्रसंग होता. एक भिक्खू आजारानं घाणीत पडलेला असतो, त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. तथागत येतात आणि विचारतात, बाबा रे, तुझ्याजवळ कुणीच कसं नाही? त्यावर तो भिक्खू उत्तर देतो. ते उत्तर गुरुजींना आठवेना.

त्यांनी मुद्दाम खोकणं टाळलं. पान उलटलं नाही. पत्र्यावर पावसाची बुरबुर चालली होती. गुरुजींनी मान वर केली आणि चपलांच्या दिशेला तोंड करून, आपल्याला जमेल तितक्या गोड आवाजात म्हणाले, "भागीबाई, राग सोडा. माझं चुकलं त्या दिवशी. तुमच्या जागेवर पुढे या, आणि सांगा बघू, काय म्हणाला तो भिक्खू?"

उत्तराऐवजी भिंतीकडून कुणीतरी खाकरलं. गुरुजींना वाटलं, म्हातारी रुसलीय. ते हसून म्हणाले, "या ना. मी तुमच्याकडेच बघतोय."

विहाराचा चिटणीस नाथा पगारे भिंतीजवळून उठला आणि खुर्चीपाशी आला. "गुरुजी," तो हळू म्हणाला, "भागीबाई कुठं हायेत? त्या चार दिवस झाले आल्याच नाय. त्यांच्या अंगावरून वारं गेलं. तुम्ही बोलले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी."

सभेला जे समजायचं ते समजलं. चार दिवस सगळी वसाहत म्हणत होती, गुरुजींचं काळीज दगडाचं, म्हातारी चपलांपाशीही दिसत नाही तरी साधी चौकशी करत नाहीत. आणि आता ते रिकाम्या फरशीकडे बघून हसत होते. ते हसू पुसून कसं टाकायचं हेही त्यांना सुचत नव्हतं.

"मला दिसत नाही," गुरुजी म्हणाले. आवाज मास्तरचा राहिला नव्हता. "वैशाखापासून अक्षर दिसत नाही. हे सगळं मी तोंडपाठ म्हणत होतो. रोज तुमच्याबरोबर चौथं शील म्हणायचं आणि रोज खुर्चीवर बसून मोडायचं. फक्त तिला कळलं होतं. मी अडलो की ती बोलायची." मग त्यांनी ग्रंथ चाचपून मिटला. कापडात बांधायला गेले तर कापडाची टोकं सापडेनात. लताबाईनं येऊन गाठ मारली.

"मला तिच्याकडे घेऊन चल," ते म्हणाले. "आत्ता."

गल्ल्या तीनच होत्या, पण गुरुजींना त्या कधी इतक्या लांब वाटल्या नव्हत्या. लताबाईनं त्यांचा दंड धरला होता. इतकी वर्षं तिनं त्यांच्यासमोर पदर सरळ केल्याशिवाय पाऊल टाकलं नव्हतं, आणि आता ती सांगत होती, मामा पाय उचला, मामा गटाराची फळी आहे, मामा डावीकडे. ते ऐकत होते. दुसरं काय करणार? मधेच ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला दिसतंय आणि तरी तुम्ही विचारत नाही. चार दिवस मी तुम्हाला रागानं वाढलं."

"पण वाढलंस," गुरुजी म्हणाले.

भागीबाईच्या घरात तिळाच्या तेलाचा वास होता. तिची सून चांगुणा तिचं अंग चोळून नुकतीच उठली होती. उजवं अंग गेलंय, वाचा गेलीय, ऐकू येतं, डॉक्टर म्हणाले वय झालंय, आता जसं चाललंय तसं, असं तिनं एका दमात सांगितलं. चार दिवसांत ते तिनं पुष्कळांना सांगितलं असणार. मग गुरुजी भिंत चाचपत खाली बसायला लागले तसा तिचा आवाज बदलला.

"आत्यांला ठावं होतं," ती म्हणाली. "पयल्या आठवड्यातच घरी येऊन म्हनल्या, गुरुजींची नजर गेली. समदे त्यांच्या तोंडाकडं बघत्यात, म्या बोटांकडं बघते. वरून धड दिसणारा सडका कांदा डोळ्याला नाय कळत, बोटाला कळतो. मला म्हनल्या, कुनापाशी बोलू नको. खुर्ची गेली तर मानूस हाय खाईल."

"आणि मी बोललो त्या दिवशी?"

चांगुणानं तेलाची वाटी बाजूला सरकवली. "त्या दिशी काय नाय बोलल्या. भाकर खाल्ली नाय. नुसतं म्हनल्या, आता उद्या ते अडले तर चपलांपासून माझा आवाज पोचल का गं?"

गुरुजींना रडू आलं. त्यांनी ते आवरलं नाही, आणि आवरून कुणापासून लपवणार होते? त्या घरातल्या सगळ्यांना दिसत होतं, एक त्यांना सोडून.

मग त्यांना ते उत्तर आठवलं, ज्याच्यासाठी सगळी सभा खोळंबली होती. तो भिक्खू म्हणाला होता, मी कधी कुणाच्या उपयोगी पडलो नाही, म्हणून कुणी माझ्याजवळ येत नाही. तेवीस वेळा त्यांनी ते वाक्य खणखणीत आवाजात वाचलं होतं, आणि या वर्षी नेमकं तेच हरवलं होतं. त्याच्यापुढे ग्रंथात असं होतं की तथागतांनी त्याला उपदेश केला नाही. त्यांनी आधी पाणी आणलं, त्याला धुतलं, पुसलं, कोरड्या अंथरुणावर निजवलं. तेवीस वेळा वाचताना ते पाणी गरम होतं की गार, हा प्रश्न गुरुजींच्या मनात कधी आला नव्हता.

"चांगुणा," ते म्हणाले, "कोमट पाणी दे, आणि एक मऊ फडकं."

"अहो गुरुजी, तुम्ही कशाला..."

"दे, बाई. मला दुसरं काही येत नाही आता."

तिनं पातेलं आणून त्यांचा हात धरून पाण्यात बुडवून दाखवला. भागीबाईचा हात त्यांना दोनदा चाचपून सापडला. निर्जीव होता तो, गार. बोटांच्या टोकांना कातडं इतकं जाड झालं होतं की फडक्यातूनही कळत होतं. गुरुजी एकेक बोट पुसायला लागले. त्यांना कुणाचं काही पुसायची सवय नव्हती, पाणी गोधडीवर सांडत होतं, आणि कुणी त्यांना थांबवत नव्हतं. आपण हिला बरं करू शकत नाही, ही आपल्याला दिसणार नाही, आणि ही आता कधी सभेत बोलणार नाही, हे तिन्ही त्यांना समजत होतं. तरी हात चालू होता, आणि हात चालू होता तोवर त्यांना त्या खुर्चीची आठवण आली नाही. हे तरी करायला मिळालं, असं त्यांच्या मनात येत होतं, आणि त्या दुःखात एक प्रकारचा आनंद होता, ज्याची त्यांना भीतीच वाटली.

"भागीबाई," ते म्हणाले, "उद्यापासून आमची लता वाचणार. सातवी पास आहे, जोडाक्षराला अडते. मी तुमच्या जागेवर बसणार, खांबाला पाठ लावून. ती अडली की मी मधेच बोलणार. सभेत मधेच बोलायची चाल तुम्ही पाडली, आता ती कुणीतरी चालवायला पाहिजे. आणि वाचलेलं सगळं रोज इथं येऊन तुम्हाला सांगणार. कुठे चुकलो तर..." कुठे चुकलो तर तुम्ही सांगा, असं ते म्हणणार होते. ते शब्द त्यांनी गिळले.

भागीबाईचा श्वास तेवढा ऐकू येत होता, संथ, एका बाजूनं घरघरता.

"चांगुणा," गुरुजींनी विचारलं, "हसली का गं ती?"

चांगुणा लगेच बोलली नाही. डोळस माणसाला ती थांबल्याचं कळलंही नसतं. पण चार महिने गुरुजी कानांवरच जगत होते. त्यांना ते थांबणं ऐकू आलं, आणि त्याच्यामागे लताबाईनं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"हसल्या गुरुजी," चांगुणा म्हणाली. "लय हसल्या."

गुरुजींनी मान हलवली. "बरं झालं," ते म्हणाले, फडकं पाण्यात बुडवून पिळलं, आणि चाचपत दुसरा हात शोधायला लागले.